मला चोराला माफ करायचंय

ती केस अजून डोळ्यासमोरून हलत नाही. हसू नका, पण मी एकविसाव्या वर्षी निवृत्त झालोय! इथे सिंगापूरला मुलांना दोन वर्षं नॅशनल सर्व्हिस करावीच लागते. मला पोलीस मिळाले, बेडोक भागातली चौकी. बहुतेक वेळ हरवलेली पाकिटं आणि शेजाऱ्यांचे मोठ्ठ्या आवाजातले टीव्ही. पण ही केस! नावं घेत नाही, ड्यूटी म्हणजे ड्यूटी.

सोमवारी काउंटरवर एक मावशी आल्या. सत्तरीच्या, मूळच्या वसईच्या, कॅथलिक. आमच्या चिनी सार्जंटला इंग्लिशमध्ये सांगता सांगता चिडून थेट मराठीत घुसल्या.

"ए बॉय, तुझी भाषा!" सार्जंटनं मला ओढलं.

"लेकरा, माझा कढीपत्ता चोरला रे! शुक्रवारी सकाळी दोन फांद्या गेल्या. संध्याकाळी चर्चमधून आले तर कुंडीत नुसती काठी!"

झाड त्यांच्या दाराबाहेर, कॉरिडॉरमध्ये. सार्जंट म्हणाला, पानांसाठी कोणाला अटक करू? मी तेच जरा गोड करून सांगितलं.

"अटक कोणाला हवीय? मला त्याला माफ करायचंय!"

माझं टायपिंगच थांबलं.

झालं असं, की शुक्रवारी सकाळीच मावशींनी शाप दिला होता, 'ज्यानं नेलं त्याचं कालवण करपू दे.' शनिवारी पापनिवेदनाला जाऊन फादरना ते सांगितलं. फादर म्हणाले, माफ करून टाका.

"पण कोणाला? अंदाजे कसं माफ करायचं? काल रविवारी कम्युनियनचा प्रसाद घ्यायला पायच उचलला नाही. प्रार्थनेत रोज म्हणते, आम्ही दुसऱ्याला माफ करतो तसं तू आम्हाला कर. मी नाही केलं तर वरचा का करेल? आणि ईस्टर आलाय तोंडावर!"

डोळे भरले त्यांचे. सार्जंटनं गुपचूप टोपी घातली.

घटनास्थळी पोचलो. काठी बघितली, फोटो काढले. मावशी ऐकेनात, जेवूनच जा. ड्यूटीवर खायचं नसतं, पण माशाचं कालवण होतं हो! मी खात होतो, पानं ताटाच्या कडेला काढत होतो, खात होतो, काढत होतो... आणि एकदम ताटाकडे बघितलं. ढीग! हिरवागार ढीग!

"मावशी, हे कालवण कोणी केलं?"

"शेजारणीनं. शुक्रवारी चर्चमध्ये सगळ्यांना होतं, हा त्यातलाच डबा. हात आहे रे तिचा, काय सांगू..." आणि त्यांची नजर माझ्या ताटातल्या ढिगावर गेली.

शेजारच्या आंटी केरळच्या. दार उघडलं, युनिफॉर्म बघितला, आणि मी तोंड उघडायच्या आत, "मी फादरना सांगितलंय! देवानं माफ केलंय!"

सार्जंट शांतपणे, अस्सल सिंगापुरी थाटात म्हणाला, "आंटी, वरची केस क्लोज. खालची अजून ओपन आहे, लाह."

मग त्या रडायलाच लागल्या. "फादर म्हणाले, तिलाही सांग. शनिवारपासून दारापर्यंत जाते आणि परत येते. पापनिवेदनाला फादर जाळीपलीकडे असतात. ही रोज माझ्यासमोर बसून चहा पिते!"

माझ्या मागून मावशींचा आवाज आला. "म्हणजे देवानं माझ्याआधी माफ केलं? झाड माझं होतं!"

मग मावशी हळूच म्हणाल्या, "आणि मी ते कालवण दोनदा वाढून घेतलं?"

"तीनदा. डबा वेगळा," आंटी नाक पुसत म्हणाल्या. "मी दोनच फांद्या घेतल्या होत्या, खरंच! पण पहिलं पातेलं करपलं. म्हणून परत सगळी पानं तोडावी लागली."

मावशींचा चेहरा पांढराफटक! "करपलं?"

"पूर्ण."

"अगं बाई... ते मी केलं!"

आता मावशी माफी मागतायत, आंटी माफी मागतायत, दोघी एकमेकींच्या गळ्यात, आणि फिर्यादी कोण आणि आरोपी कोण तेच मला कळेना. तक्रार मागे. सार्जंटनं तेवढ्यात आत जाऊन माझ्या ताटातला मासा संपवला.

माझ्या एवढ्या प्रदीर्घ सेवेत मी एक शिकलो. देवासमोर कबूल करायला माणूस रांगेत उभा राहतो, पण शेजारची बेल वाजवायला त्याला पोलीस लागतात.

निवृत्तीनंतर मुद्दाम तिकडे गेलो. झाडाला कोवळी पानं फुटलीयत. कुंडी आता दोन दारांच्या बरोब्बर मध्ये आहे, म्हणजे भर वाटेत, आणि तिथे ठेवणं नियमात बसत नाही.

मी बघितलं. पण मी निवृत्त आहे.