पर्सीचा पाय

पर्सी थरगुडला मी कामावर कधी धड बसलेला पाहिला नाही. जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळे नेपथ्याच्या फळ्यांवर टेकायचो. पर्सी हातात सँडविच धरून आमच्याभोवती फेऱ्या मारायचा आणि दाराकडे पाठ झाली की लगेच वळायचा. पहिल्या महायुद्धात तो फ्लँडर्सच्या खंदकांत होता. तिथून तो धडधाकट परतला, फक्त हातांचं थरथरणं राहिलं ते राहिलंच. त्याची बायको मॉड त्याला चहा अर्धा कपच द्यायची. न बोलता, वर्षानुवर्षं.

त्याच्याबद्दल लिहायला कुणी जास्त जाणता माणूस हवा होता. पण त्याला ओळखणारे आता फारसे उरले नाहीत, म्हणून मला जमेल तसं लिहितो.

तेव्हा टेलिव्हिजन म्हणजे उत्तर लंडनच्या टेकडीवरचा पॅलेस, सगळं प्रक्षेपण तिथूनच व्हायचं. एका संचाच्या किमतीत छोटी मोटारगाडी येई, त्यामुळे आम्ही दिवसभर जे उभं करत होतो ते आमच्यातल्या कुणाच्याच घरी दिसत नव्हतं. मी भिंती ढकलायचो. कागदाच्या, कापडाच्या, लागतील तशा. पर्सी आधी झाडू मारायचा. मग रूळ फिरवणारा माणूस आजारी पडला आणि त्या क्षणी जवळ उभा होता तो पर्सी.

रूळ म्हणजे काय, तर नाटक संपलं की नटांची नावं दाखवायची. काळ्या कागदावर पांढऱ्या रंगात लिहिलेली नावं रुळावर गुंडाळलेली असत. समोर कॅमेरा असे आणि बाजूचा दांडा हाताने एकसारखा फिरवायचा. जरा झटका बसला की बिचाऱ्या नटाचं नाव बेडकासारखं उडे. असं काम थरथरत्या हाताच्या माणसाकडे जावं, आणि त्याने ते सुरेख करावं!

कसं, ते मला शेजारी उभं राहून कळलं. दांडा हातात आला की पर्सीचा उजवा पाय सुरू व्हायचा. टाच जमिनीवर, चवडा टप टप टप. हाताची सगळी थरथर त्या पायातून जमिनीत उतरत असावी. आम्ही सगळे कॅनव्हासचे बूट घालायचो, त्यामुळे वर चाललेल्या संगीतात ती टपटप बुडून जायची.

मॉडने मात्र शेजारच्या पेगलरबाईंना सांगून टाकलं होतं, "आमच्या ह्यांचा हात बरा झालाय. टेलिव्हिजनवाले उगाच का कुणाच्या हातात काम देतील?"

मग नोव्हेंबरात खंदकांतल्या लढाईचं एक नाटक आलं. आमच्याकडे नाटक दोनदा व्हायचं, रविवारी संध्याकाळी आणि पुन्हा गुरुवारी दुपारी. दोन्ही वेळा पहिल्यापासून शेवटपर्यंत, थेट प्रक्षेपण. तालमीला तोफा वाजल्या. तोफा म्हणजे एक जाडा माणूस, एक पत्रा आणि एक मोठा ढोल. पर्सी भिंतीला चिकटून पांढराफटक उभा राहिला. दिग्दर्शक मिस्टर डेनहॅम म्हणाले, "शेवटी संगीत नको. तोफा थांबल्या की शांतता, आणि त्या शांततेत नावं."

ध्वनीवाला वरच्या नियंत्रणाच्या खोलीतून लगेच खाली आला. "थरगुड, तुझा तो सुतारपक्षी आवर. शांततेत तो सगळ्या लंडनला ऐकू जाईल."

रविवारी पर्सीने पाय आवरला. दुसऱ्या पायाखाली दाबून धरला. तोफा थांबल्या, कॅमेरा रुळावर आला आणि नावं थरथरत वर चढू लागली. पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत. मी खोट्या खंदकाची पोती धरून उभा होतो. मला वाटलं, झालं, याचं काम गेलं.

पण टेलिफोन वाजायला लागले. बघणाऱ्यांना ती नावं फार भिडली होती. तोफांनी जमीन हादरतेय आणि जणू मेलेल्यांचीच नावं हादरतायत, असं कुणीतरी म्हणालं. डेनहॅमसाहेब लोखंडी जिन्यावरून धावत खाली आले आणि त्यांनी पर्सीच्या पाठीवर थाप मारली.

"काय कल्पना काढलीत हो! गुरुवारी अगदी अस्संच."

चार दिवस पर्सीला आमच्या पोरांनी सळो की पळो करून सोडलं.

"पर्सी, सराव झाला का रे थरथरायचा?"

"त्याला कपबशी दे, छान वाजवून दाखवेल!"

तो फेऱ्या मारत राहिला. बुधवारी माझ्यापाशी थांबला. थांबला म्हणजे माझ्याभोवतीच फिरू लागला.

"उद्या मॉड येतेय बघायला," तो म्हणाला. "इथल्या ब्रॉडवे रस्त्यावरच्या रेडिओच्या दुकानात मागच्या खोलीत संच लावतात ना, तिथे. पेगलरबाईलाही आणतेय."

"मग?"

"मग काय मग! हात बरा झाला म्हणून गावभर सांगितलंय तिने."

"साहेबांना सांग की."

"काय सांगू? की ती कल्पना नव्हती, मी होतो?"

थरथरवलं तर बायको दुकानभर लोकांत खोटी पडणार, आणि नाही थरथरवलं तर दांडा हातून जाणार.

गुरुवारी जाड्याने पत्रा बडवला, ढोल बडवला. पर्सीच्या कपाळावरून घाम वाहत होता, पण तो दांड्यापाशी जागेवर उभा होता. तोफा थांबल्या. मी आधी त्याच्या पायाकडे पाहिलं. चवडा उचलला गेला. टप. मग टप टप टप, त्या शांततेत, कोरड्या जमिनीवर. आणि नावं वर चढू लागली, तळ्यावरून बदकं जावीत तशी, संथ, सरळ.

कानाला यंत्र लावलेला मंचव्यवस्थापक कॅमेऱ्याच्या बाजूने दोन्ही हात हलवत होता. हलव, हलव! पर्सीने त्याच्याकडे पाहिलं आणि फिरवत राहिला.

साहेब या वेळी जिना सावकाश उतरले.

"थरगुड, मी काय सांगितलं होतं?"

"जमलं नाही, साहेब."

"रविवारी जमलं होतं!"

"रविवारी मी प्रयत्न करत नव्हतो, साहेब."

साहेबांना ते उद्धट वाटलं आणि त्यांनी तिथेच त्याच्याकडून दांडा काढून घेतला. दुसऱ्या दिवसापासून पर्सी सामानाच्या लिफ्टवर गेला. रुळावर आलेला नवा माणूस कुठल्याही नाटकाला सांगाल तशी नावं थरथरवून द्यायचा.

त्या गुरुवारी संध्याकाळी टेकडी उतरताना मी पर्सीबरोबर होतो. तो इतका झपाझप चालत होता की मला धाप लागली. दारात मॉड उभी होती. तिने मलाही आत ओढलं आणि किटली ठेवली.

"पाहिलंस?" पर्सीने विचारलं. तो टेबलाभोवती फिरत होता.

"नावं का? कुणी पाहिली नाहीत. नावं आली की सगळे उठून कोट चढवतात. पेगलरबाईची टोपी बरोब्बर माझ्यासमोर."

पर्सी थबकला. "म्हणजे काहीच नाही?"

"टोपीच्या कडेने दिसली थोडी. सरळ जात होती." मॉडने कप मांडले. "पण आवाज आला ना. टप टप टप. पेगलरबाई म्हणते, घोडा असेल, सैन्यात असतात घोडे. मी म्हटलं, घोडा कसला, हा तर आमचा पर्सी. अठरा वर्षं पलंगाच्या त्या टोकाला ऐकतेय मी."

"मग ती काय म्हणाली?"

"म्हणाली, हात बरा झाला म्हणत होतीस ना? मी म्हटलं, झालाय की. पायात गेलंय सगळं."

पर्सी हसला. मग त्याने दांडा गेल्याचं सांगितलं. मॉडने किटली उचलली. मग तिने त्याचा कप काठोकाठ भरला आणि त्याच्यापुढे ठेवला.

पर्सी खुर्ची ओढून बसला. कप उचलताना निम्मा चहा बशीत सांडला. मॉडने फडका आणला नाही. त्याने बशी उचलली, फुंकर मारली आणि ती तोंडाला लावली. टेबलाखाली त्याचा पाय चालूच होता.