धुक्यापलीकडची खिंड

दत्तू गावितला मोजल्याशिवाय चैन पडत नसे. सातपूरच्या एका कारखान्यात तो साच्यांची ड्रॉइंग काढायचा आणि एकदा मोजलेलं पुन्हा मोजून पाहायचा. चहात साखर घालतानाही हा चमचा सपाट करून घेतो, असं सोबती चिडवायचे, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. असा हा काटेकोर माणूस संध्याकाळी घरी आला की कॉम्प्युटर सुरू करून अशा एका गावात जायचा, जे नऊ वर्षांपूर्वी धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं.

पेठच्या डोंगरातलं पंधरा घरांचं ते गाव त्याने आठवणीतून, एकेक दगड रचत, कॉम्प्युटरवर उभं केलं होतं. नदी, तिच्यातले पाय ठेवायचे दगड, मोहाचं झाड, कुडाच्या भिंती आणि समोर डोंगरातली खिंड. बाणाचं बटण दाबलं की त्या गावातून चालत जाता यायचं. दोन वर्षं गेली त्यात. हे खूळ कुणासाठी, असं कुणी विचारलं असतं तर त्याने पटकन सांगितलं असतं: बायसाठी.

बाय म्हणजे त्याची थोरली बहीण कलाबाई. आई गेली तेव्हा ती अकरा वर्षांची आणि दत्तू चार वर्षांचा. गेली म्हणजे वारली असं नव्हे. भात झोडून झाल्यावर मार्गशीर्षात डोंगरातली माणसं द्राक्षांच्या कामाला पिंपळगाव-निफाडकडे उतरत आणि शिमग्याला परत येत, तशी आईही टोळीबरोबर गेली. शिमग्याला टोळी आली, आई आली नाही. बागेतून दुसऱ्या बागेत गेली एवढंच कळलं. बापाने दोन उन्हाळे शोधलं आणि मग बोलणंच सोडलं. कलाबाईने भावाला वाढवलं, शिकवलं, आणि दर शिमग्याला दिवसभर उंबऱ्यात उभी राहिली. गाव बुडाल्यावर ती मखमलाबादला फुलांच्या मळ्यात कामाला लागली. पेठच्या गाडीत बसावं लागलं आणि धरण आलं की ती पदर डोळ्यांवर ओढून घ्यायची. बायला एकदा त्या उंबऱ्यात पुन्हा उभं करायचं, एवढंच दत्तूच्या मनात होतं.

अडचण कॉम्प्युटरची होती. त्यातलं ग्राफिक्स कार्ड जुनं. गाव डोळ्यांपुढे काढायचं म्हणजे त्याला सेकंदाला बारा चित्रं काढतानाच दम लागायचा. चालणं कसलं, ठेचकाळणंच ते. लांबचे डोंगर तर त्याला झेपायचेच नाहीत, म्हणून दत्तूने शंभर पावलांपलीकडे धुकं घालून ठेवलं होतं. शेवटी कॅनडा कॉर्नर चौकात कॉम्प्युटरचं दुकान असलेल्या महेशने त्याला नवं, पंख्याचं कार्ड दिलं. "शनिवारी ने, सोमवारी आण. आवडलं तर ठेव," तो म्हणाला.

शनिवारी दत्तूने नदीपासून घरापर्यंतची तीच वाट दोन्ही कार्डांवर पाच-पाच वेळा चालून पाहिली आणि ड्रॉइंगच्या पाठीवर आकडे लिहिले. जुनं बारा, नवं अठ्ठावन्न. नव्यावर त्याने धुकं काढून टाकलं, तशी खिंड लख्ख दिसली, कातळासकट. एवढा आनंद त्याला पगारवाढीचाही झाला नव्हता.

रविवारी दुपारी कलाबाई आली. शिमगा चार दिवसांवर होता. हातात नागलीच्या भाकरी आणि मेथीची जुडी. कॉम्प्युटरची खोली म्हणून तिने चपला बाहेर काढल्या आणि खुर्चीच्या काठावर बसली. दत्तूने नवं कार्ड लावून ठेवलंच होतं. पडद्यावर नदी आली.

"इथला दगड हालायचा," ती लगेच म्हणाली. मग म्हणाली, "मोहाला उजवीकडं ठेव. पानी आनताना उजव्या खांद्याला लागायचा." दत्तूने कागदावर टिपून घेतलं. घर जवळ आलं. दार ठेंगणं होतं, आणि ते पडद्यावर आलं तसं कलाबाईने खुर्चीत बसल्या बसल्या डोकं खाली वाकवलं. दोन वर्षांचं सार्थक झालं असं दत्तूला वाटलं.

मग त्याने तिला उंबऱ्यात उभं केलं आणि समोर वळवलं. खिंडीपर्यंतची सगळी वाट मोकळी, स्वच्छ पसरली होती.

कलाबाईने ती वाट खिंडीपर्यंत नजरेने चालून पाहिली. मग म्हणाली, "कुनी नाय."

तिचा चेहरा एकदम थकलेला दिसला. दत्तू गडबडला. काय चुकलं ते त्याला कळेना, आणि काही कळेनासं झालं की तो मोजायला धावायचा. जुन्यावर हे किती वाईट दिसत होतं ते तरी बघ, असं म्हणत त्याने कॉम्प्युटरचा डबा उघडला, कार्ड बदललं आणि पुन्हा गाव सुरू केलं. नदी ठेचकाळत आली, मोह ठेचकाळत आला. उंबऱ्यातून समोर पाहिलं तर वाट थोडी जाऊन पांढऱ्या धुक्यात विरत होती.

कलाबाई पुढे सरकली. वाटेकडेच्या पाचव्या दगडाशी, धुकं सुरू होत होतं तिथे, तिने काचेवर बोट टेकवलं.

"इथं मागं वळली होती आई. तू झोपलेला. मला म्हनली, त्याला उठवू नको, रडंल. मंग धुक्यात गेली." बोट तसंच ठेवून ती म्हणाली, "हेच ठेव, भाऊ."

"बाय, हे अडखळतंय."

"अडखळू दे. त्या वाटंनं कोन पळत येनार हाय?"

"नव्यावरही धुकं घालतो की. एक बटण दाबायचं."

"नको. नव्याला समदं दिसतंय. दिसत असून झाकायचं म्हंजे आपन आपल्यालाच फसवायचं. ह्या जुन्याला खरंच दिसत नाय. म्हंजे धुक्यात ती येत असंल, नाय तर नसंल."

दत्तूने नवं कार्ड परत खोक्यात ठेवलं. दोघं ऊन उतरेपर्यंत तिथेच बसून राहिली. कलाबाईने मधेच एकदा पदराने पडद्यावरची धूळ पुसली, धुकं तेवढं राहू दिलं.

सोमवारी त्याने कार्ड परत केलं. "का रे? भारी नव्हतं का?" महेशने विचारलं.

"होतं ना. जवळजवळ पाचपट," दत्तू म्हणाला. आकड्यांचा कागद त्याने खिशातून काढलाच नाही.

त्या संध्याकाळी त्याने मोह उजवीकडे सरकवला, नदीतला एक दगड हलता केला. मग उंबऱ्यात जाऊन समोर वळला आणि हात मांडीवर ठेवले. आई गेली तेव्हा तो झोपला होता, आणि नंतर सगळे शिमगे बायनेच उभ्याने काढले होते. पाचव्या दगडापलीकडच्या धुक्याकडे बघत तो पहिल्यांदा आईची वाट पाहत बसला. किती वेळ, ते त्याने मोजलं नाही.