ब्रेकवरचा पाय

तडतड्या मिस्त्रीच्या नाकावर राग कायमचा बसलेला. पस्तीस वर्षं तो गाड्यांच्या ब्रेकचं काम करत होता आणि त्याला ढिली म्हणून कुठलीच गोष्ट खपत नसे. ढिला नट नाही, ढिलं बिजागर नाही, आणि ढिला माणूस तर मुळीच नाही. स्वतःच्या हातानं आवळलेल्या नटावर तो पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका दिसला की त्या नटाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा त्याच्या गॅरेजचा कायदा होता.

त्याची थोरली बहीण शाळांचे गणवेश शिवायची आणि नवऱ्याच्या माघारी त्याच्या जुन्या गाडीतून गठ्ठे पोचवायची. तीन महिन्यांपासून ही गाडी रस्त्यात अडायला लागली होती. अर्धा तास चालली की जड व्हायची, चाकांतून जळका वास यायचा आणि मग जागची हलायची नाही. मिस्त्री पोचेपर्यंत ती थंड होऊन चाकं मोकळी झालेली असत. त्यानं दोनदा चाकं उघडली, पॅड बदलले, सगळं ठीक दिसलं. तिसऱ्यांदा त्याचा पारा चढला. शेजारचा वेल्डर, टायरवाला आणि बहिणीचा जावई, अशा तिघांसमोर तो तिला म्हणाला, "गाडीत काही नाही. तू ब्रेकवर पाय ठेवून चालवतेस. वय झालं आता तुझं."

ती बाई चाळीस वर्षं गाडी चालवत आली होती. जावयाला मात्र तेवढंच निमित्त पुरलं. त्यानं किल्ली काढून घेतली आणि पंधरा दिवसांत गिऱ्हाईक शोधलं. गठ्ठे आता कशातून न्यायचे, हे तिला कुणी विचारलं नाही.

गाडी गिऱ्हाइकाच्या दारी न्यायचं काम मिस्त्रीवर आलं. कागदांवर सही लागणार म्हणून बहीण शेजारी बसली होती. सगळ्या वाटेत मिस्त्रीची टकळी चालू होती: आधीच ऐकलं असतंस तर ही वेळ आली नसती, गाडी चालवायची म्हणजे शिलाई मशीन नव्हे. चढ लागला आणि गाडी मागून कुणी धरून ठेवल्यासारखी ओढू लागली. त्यानं अॅक्सिलरेटर दाबला. तोच ओळखीचा जळका वास आला आणि भर चौकात गाडी थांबली. मागून हॉर्नचा कल्लोळ उठला.

बहिणीनं वाकून त्याच्या पायांकडे पाहिलं. "आता पाय कुणाचा आहे?" तिनं विचारलं.

मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हॉर्न वाजवणाऱ्यांवर खेकसत, पान्हे घेऊन तो खाली उतरला. चारही चाकं सारखीच तापलेली, म्हणजे दोष एका चाकाचा नव्हता. पुढच्या चाकाचा, ऑइल बाहेर सोडायचा निप्पल सैल करताच ब्रेक ऑइलची चिळकांडी उडाली आणि ते चाक सुटलं. म्हणजे ऑइलचा दाब आतच कोंडत होता. त्यानं बॉनेट उघडून, चारही चाकांना ऑइलचा दाब पुरवणाऱ्या मास्टर सिलिंडरचे दोन नट सैल केले, सिलिंडर जरासा पुढे सरकवला, आणि बाकीची चाकंही सुटली. आता शंकाच उरली नाही. सिलिंडरला मागून ढकलणारा पुशरॉड गरजेपेक्षा लांब होता. पायडल सोडल्यावर त्याच्यापुढे केसभर जागा मोकळी राहावी लागते. ती नसली तर तापून फुगलेल्या ऑइलला परतायला वाट मिळत नाही आणि ब्रेक आपोआप आवळत जातात.

"कुठल्या गाढवानं हा लांब केलाय?" तो ओरडला आणि सिलिंडर बाजूला करून आत डोकावला.

पुशरॉडच्या नटावर पिवळा ठिपका होता.

त्याला आठवलं. तीन महिन्यांपूर्वी ताई सहज म्हणाली होती, पायडल जरा खाली जाऊन मग धरतं. जरा तरी का जावं, म्हणून त्यानंच पुशरॉड लांब करून ती सगळी ढील काढून टाकली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली ती त्यानंच, तीही तीन माणसांसमोर. संताप तर अंगात तसाच उसळत होता, फक्त आता तो काढायला दुसरं कुणी नव्हतं. त्यानं पुशरॉड पूर्वीइतका आखूड केला, ऑइल भरलं, त्यात अडकलेली हवा काढली आणि बहिणीला सगळं सांगून टाकलं.

तिनं किल्लीसाठी हात पुढे केला. "मला काय सांगतोस? ज्यांच्यासमोर बोललास, त्यांच्यासमोर सांग."

गिऱ्हाईक वाट बघत बसलं आणि ताईनं गाडी माघारी वळवली. पाऊण तास तिनं ती चालवली. गाडी कुठे जड झाली नाही. वेल्डर आणि टायरवाला गॅरेजपाशीच होते. जावयाला तिनं फोन करून बोलावून घेतलं आणि तो येईपर्यंत मिस्त्रीला उभं ठेवलं.

मिस्त्रीनं नट, ठिपका, सगळं सांगितलं. जावई म्हणाला, "पण मामा, आता त्यांचं वय..."

"पाय ताईचा नव्हता," मिस्त्री त्याच्यावर कडाडला. "चूक माझी होती."

ताईचा राग तेवढ्यानं उतरला नाही. ती स्टिअरिंग धरून तशीच बसली होती. "पायाचं झालं," ती म्हणाली. "आता वयाचं सांग."

मिस्त्रीनं मान खाली घातली आणि वयाचं बोललो तेही चुकलं, असं तिघांसमोर सांगितलं.