बर्फाने बांधलेली पाळ

चोरखमारा तलावाच्या पाण्यावर आमची धानशेती. तलावाची मातीची पाळ कुठे झिरपली की गाव आधी माझ्या बाबांना हाक मारते. अशा माणसाची लेक दगडांचा अभ्यास करायला लडाखच्या कोरड्या डोंगरात जाते, हे त्यांच्या पचनीच पडत नव्हते. त्यात तिरोड्याहून एक चांगले स्थळ चालून आलेले. एकदा येऊन माझे काम बघा, मग शिक्षण सोड म्हणालात तरी सोडीन, असे मी बोलून बसले.

बाबा आले ते तोंड फुगवूनच. मी काम करत होते त्या दरीत गवताची काडी नव्हती. पण समोर, या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत, दगडमातीचा कोयत्यासारखा वाकलेला उंच बांध होता. बाबा थबकले.

"एवढी मोठी पाळ कोनं बांधली? अन् पाणी कोठी गेलं?"

मला हसू आवरेना. ही कोणी बांधलेली नाही, मी सांगितले. इथे हिमनदी होती, ती सरकताना दगडगोटे ढकलत आली आणि वितळली तिथे टाकून गेली. त्यांना वाटले, मी त्यांना येड्यात काढते आहे. एका ओढ्याने तो बांध कापला होता, तिथे ते उकिडवे बसून उकरू लागले. पाळ घालताना माती थरावर थर चोपतात, दगड पाण्याच्या अंगाला लावतात. इथे बैलबंडीएवढे धोंडे आणि पिठासारखी माती, सगळी खिचडी. मग मी ओरखड्यांचा एक दगड हातात दिला. सरकत्या बर्फात अडकून तो खडकावर घासला गेला होता. बाबा बराच वेळ त्यावरून अंगठा फिरवत राहिले.

त्यानंतर दुपारभर प्रश्न. बर्फ किती जाड होता, कशाने सरकत होता, कधी गेला? शेवटच्या प्रश्नावर मी म्हटले, हे अजून कोणालाच ठाऊक नाही, तेच शोधायचे आहे. गावी परत जाईपर्यंत बाबांनी लग्नाचा विषय काढला नाही की शिक्षणाचा.

दिवाळीनंतर गावच्या मंडईच्या जत्रेला पाहुणे आले आणि मामांनी स्थळाचे काय ते विचारले. सुट्टीत घरी आलेली मी दाराआड उभी होते.

"ते पाळ कवाची हाये, हे कोनालेच मालूम नाही," बाबा म्हणाले. "पोरगी पता लावून येईन. पोरगा थांबला त थांबला."

मामांनी गोंधळून विचारले, कोणती पाळ? बाबा अंगणात बसले आणि बोटाने धुळीत तो वाकडा बांध काढू लागले.