मुफीदेने न केलेला नवस

आमच्या सिद्रा गावात खाटकाचे दुकान एकच होते आणि ते बेबावीचे होते. परंतु लोक जनावर घेऊन निघत ते बेबावीच्या सुरीवर भिस्त ठेवून नव्हे, तर त्याच्या पत्नीच्या हातावर. मुफीदा ठेंगणी, रुंद खांद्यांची आणि मितभाषी बाई. तिने रेड्याच्या दोन्ही शिंगांच्या मध्ये तळहात ठेवावा, कानाशी ओठ न्यावेत, घशातल्या घशात काही पुटपुटावे, आणि त्या प्रचंड देहाची थरथर हळूहळू ओसरावी. मग ते जनावर आपण होऊनच मान खाली घाली. त्यानंतर बेबावीचे काम क्षणाचे. तीस वर्षांत त्या दुकानाच्या अंगणात जनावराचे पाय बांधायला दोर लागला नाही.

बेबावी वारला, आणि त्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणात मुफीदेने मांसाचे ताट पुढे सारले. तेव्हा कोणी मनावर घेतले नाही. वर्षातले दोनशेहून अधिक दिवस आम्ही कॉप्टिक ख्रिस्ती लोक मांस, दूध आणि अंडे यांना शिवत नाही. अशा समाजात एका विधवेचे मांस न खाणे ध्यानात यायला फार दिवस लागतात. ते ध्यानात आले पुनरुत्थानाच्या सणाला. पंचावन्न दिवसांचा उपवास सुटला होता, घरोघरी रश्श्यात भिजलेल्या भाकरीवर मांसाचे तुकडे पडत होते, आणि मुफीदा आपल्या वाडग्यातल्या शिजवलेल्या घेवड्यावर जवसाचे तेल ओतीत बसली होती.

दुकान आता तिचा पुतण्या विस्सा चालवीत असे; बेबावीनंतर मुफीदेने कुठल्याच जनावरावर हात ठेवला नव्हता. तो दारातूनच ओरडला, "काकू, ख्रिस्त उठला की गं! तू कशाला अजून उपास धरून बसलीयेस?"

"मला नको, विस्सा."

"दात हलतात का? बारीक करून देतो."

"दात बरे आहेत माझे."

"मग माझ्या हातचं वाईट लागतं का काय? गावात सांगू नकोस बाई, धंदा बसेल!"

तो हसला, ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी त्यानेच पुरोहिताला बोलावून आणले.

अबूना शारूबीम हे वृद्ध, हळवे आणि घाईत नसलेले पुरोहित होते. मी मुफीदेच्या समोरच्या घरात राहणारा शाळामास्तर. अबूनांनी मलाही तिच्या ओट्यावर बसवून घेतले.

"काय गं मुफीदा, देवानं सोडायला सांगितलं ते तू का धरून बसलीस?"

"देवासाठी नाही धरलं, अबूना."

"मग कोणासाठी?"

ती आपल्या हाताकडे पाहत म्हणाली, "ती जनावरं माझ्यावर विश्वास ठेवायची. रक्ताच्या वासानं अंग चोरायची, अन् मी हात ठेवून 'काही नाही रे, काही नाही' म्हटलं की त्यांना खरंच वाटायचं. ही आहे ना, मग काही होणार नाही. तीस वर्षं त्यांच्या कानात खोटं बोलले मी. आता ते खाऊ कशी?"

अबूनांनी दाढीवरून हात फिरवला. "हे बघ, मांस खाणं पाप आहे असं म्हणालीस तर मला तुला अडवावं लागेल. देवानं दिलेलं अन्न अपवित्र म्हणायचं नाही, हे आपल्या पूर्वजांनी ठरवून ठेवलंय. त्यापेक्षा नवस केलाय म्हण. जन्मभराचा. मी आशीर्वाद देतो, विषय मिटला."

"पण मी नवस केलेला नाही."

"म्हणायला काय जातं तुझं?"

ती गप्प राहिली. त्या मौनाला संमती मानून अबूनांनी तिच्या मस्तकावर क्रूस टेकवला आणि ते समाधानाने निघून गेले. संध्याकाळच्या आत मुफीदेने यावज्जीव व्रत घेतल्याची वार्ता गावाच्या दुसऱ्या टोकाला पोचली होती.

अबूनांना दोष देणे मला जमत नाही. आमच्या प्रत्येक प्रार्थनेत 'प्रभो, दया कर' हे वचन आम्ही एकेचाळीस वेळा उच्चारतो. परंतु ती दया वरून येते आणि आमच्यापाशी थांबते. आमच्याखाली तिला उतरता यावे अशी पायरी कोणी बांधलेली नाही. त्याग आम्हाला कळतो, उपवास कळतो, नवस तर फारच चांगला कळतो. मुफीदेने जे केले त्याला आमच्यापाशी नाव नव्हते; म्हणून हाताशी होते ते नाव आम्ही दिले, आणि त्या नावानेच तिचा घात केला.

आमच्या पंचांगातला हातूर महिना आला. गव्हाची पेरणी, पाठोपाठ आमच्या देवळाचा संत मारी गिर्गिस याची जत्रा, आणि नऊ दिवसांनी नाताळाआधीचा दीर्घ उपवास. जत्रेला गिरणीवाला झरीफ एक तांबूस वासरू घेऊन मुफीदेच्या दाराशी उभा राहिला. त्याची बायको मोठ्या दुखण्यातून उठली होती.

"मावशी, नुसता हात ठेव. तुझ्यासारख्या व्रतस्थ बाईचा हात लागला म्हणजे नवस सरळ वर पोचेल."

"झरीफ, सोड ना त्याला. मारी गिर्गिसला जिवंतच दे. चरेल देवळाच्या आवारात."

"अन् विधवांच्या आळीत काय वाटू मावशी, शेण? वर्षातनं दोनदा मांस दिसतं त्यांना. आणि बायको उठली ना माझी! शब्द दिलाय मी."

"मी हात ठेवणार नाही," एवढे म्हणून तिने दार लावून घेतले.

वासराला चौघांनी देवळामागच्या अंगणात ओढत नेले. आधीच्या जनावरांचे रक्त तेथे होते. वासरू उधळले, विस्साचा पहिला वार चुकून खांद्यात गेला, दुसरा जबड्यावर. त्याचे ओरडणे साऱ्या गावावरून गेले. मुफीदा अनवाणी धावत आली, कोपरापर्यंत पीठ लागलेली. माणसे आपोआप बाजूला झाली. तिने त्या भिजलेल्या कपाळावर तळहात टेकला, कानाशी वाकली, आणि त्या वेदनेतही वासराने अंग सैल सोडले. विस्साने काम संपवले.

"आली! आली शेवटी!" झरीफ डोळे पुसत ओरडला. "हिलाच यायचं होतं म्हणून तर ते मरत नव्हतं!"

चार दिवसांनी मी तिच्या ओट्यावर बसलो होतो. ती म्हणाली, "मास्तर, हात ठेवला तर दगा. नाही ठेवला तर ते असं मरणार. तुमच्या पुस्तकांत तिसरं काही लिहिलंय का?"

माझ्याकडे पुष्कळ ग्रंथ होते. मी "नाही" म्हणालो.

त्यानंतर अकरा वर्षे ती जत्रेला त्या अंगणात जात राहिली. प्रत्येक धन्याला ती आधी "सोड ना" म्हणे. प्रत्येक धनी ते तिचे विनयवचन समजून तिच्या हाताचे चुंबन घेई. तिची कीर्ती नदीपलीकडे गेली. पूर्वी जत्रेला चार जनावरे येत. पुढे वीस येऊ लागली, मग चाळीस, कारण त्या हाताखाली दिलेला नवस वाया जात नाही असा लौकिक झाला. तिच्या दयेने कापल्या जाणाऱ्यांची संख्या दसपट केली होती, आणि हा हिशेब तिला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. एके वर्षी ती दुपारपर्यंत दार लावून बसली. अंगणातून पहिली किंकाळी आली तशी उठून गेली.

परवाच्या जत्रेत मी तिला हाताला धरून अंगणाशी नेले. दृष्टी आता अधू झाली आहे, गुडघे वाकत नाहीत. एक काळा मेंढा शांत झाला, मग एक रेडकू. मध्ये ती भिंतीच्या सावलीत टेकली.

"थकलीस," मी म्हणालो.

"मास्तर, या वर्षीपासून मी खोटं बोलत नाही त्यांच्याशी."

"म्हणजे?"

"कानात खरं सांगते. 'ही सुरी आहे. मी तुला मारायलाच धरलंय. जोर असेल तर मला ढकल अन् पळ.' सगळं सांगते."

"मग?"

तिने ओढणीच्या टोकाने तळहात पुसला. "काही नाही. तशीच मान खाली घालतात."

अंगणातून विस्सा हाका मारू लागला, "काकू! ये गं लवकर, बैल बिथरलाय!" तिने माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि उठली.