साबणाच्या पाण्याचा बोळा

पंचफुला अकोल्याच्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. छप्पन साली सगळी वस्ती बौद्ध झाली, आणि त्यानंतर पांढरं लुगडं नेसून नोकरीला जाणारी ती वस्तीतली पहिलीच बाई. नवरा गेलेला, मूलबाळ नव्हतं. शेजारच्या सुंदराबाईशीच काय ती ऊठबस. संध्याकाळी दोघी ओट्यावर गवार निवडत बसत, आणि पंचफुला दवाखान्यातलं काहीबाही सांगे.

दारूबंदीचे दिवस होते. अपघातातल्या माणसाच्या तोंडाला वास आला, की त्याचं रक्त तपासणीला पाठवावं लागे. एकदा बोलता बोलता ती म्हणाली, "ते रक्त काढताना हाताले स्पिरिट चालत नाई. तपासणीच बिघडते, मंग कोर्टात ते धरत नाई. साबणाच्या पाण्यानं पुसा लागते."

पुढे कापसाच्या हंगामात सुंदराबाईचा नवरा देवराव जिनिंगच्या फाटकात भरल्या बैलबंडीवरून पडला. पाय मोडला. पंचफुलाच्याच दवाखान्यात आणला तेव्हा तोंडाला वास येतच होता. डॉक्टरांनी रक्त घ्यायचं ठरवलं. पोलीस दाराशी उभा राहिला.

सुंदराबाई पंचफुलाच्या कानाशी आली. "स्पिरिट लाव त्याले. कोनाले समजते?"

टेबलावर स्पिरिटची आणि साबणाच्या पाण्याची, दोन्ही वाट्या होत्या. सापडले तर नोकरी जाईलच, पण 'ह्यांच्या बाया अशाच' हे सगळ्या वस्तीला ऐकावं लागेल, असं पंचफुलाच्या मनात आलं. तिनं साबणाच्या पाण्याचा बोळा उचलला. सुंदराबाई पाहत होती.

देवरावला तीन महिन्यांची शिक्षा झाली. सुटून आल्यावर तो लंगडत पंचफुलाच्या दारात आला.

"तुह्यं काई चुकलं नाई, बाई. मीच पेलो होतो."

तेवढ्यात सुंदराबाईनं घरातून त्याला हाक मारली, आणि तो वळला.

सुंदराबाई स्वतः मात्र पंचफुलाशी पुन्हा कधी बोलली नाही. पंचफुला नळावर आली की बाया घागरी सरकवून जागा देत, आणि गप्प होत. सुंदराबाईच्या नातवाच्या बारशाचं बोलावणं तिचं दार सोडून पुढच्या घरी गेलं. त्या दिवशी पंचफुला आजारी असल्याचं सांगून कामावरही गेली नाही.

वर्षभरानं तिनं अमरावतीला बदली मागून घेतली. नव्या खोलीत सामान लावताना शेजारीण चहा घेऊन आली.

"कुठी काम करता, बाई?"

"सरकारी नोकरी हाय."

शेजारीण अजून काही ऐकायला थांबली होती. पंचफुलानं चहा संपवला, कप विसळून तिच्या हातात दिला आणि दार लोटून घेतलं.