चारशे घोड्यांची वरात

माझ्या भाच्याची वरात घोड्यावरून निघणार नाही, हे ठरलं तेव्हा सर्वांत जास्त आनंद मला झाला. एका लग्नात घोड्याने माझा फेटा चावून खाल्ला होता, तेव्हापासून आमचं पटत नाही. त्यामुळे भाच्याचा रायपूरचा मित्र स्वतःची लाल गाडी आणणार म्हटल्यावर नवरदेवाचा सख्खा मामा या नात्याने मी ताबडतोब परवानगी दिली. मला कोणी विचारलं नव्हतं.

पावर हाउसजवळच्या आमच्या गल्लीत गाडीच्या आधी तिचा आवाज पोचला. मग ती आली. परदेशी, बुटकी, पहिलवानासारख्या खांद्यांची, आणि बॉनेट इतकं लांब की दोन माणसांनी त्यावर पत्ते खेळावेत.

"मामाजी, चार सौ से ऊपर घोड़े हैं इसमें," मित्र म्हणाला.

"आन् खाते काय?" माझ्या बहिणीने विचारलं.

"पेट्रोल, आंटी. बहुत खाती है."

भाऊजींनी, म्हणजे नवरदेवाच्या वडिलांनी, गाडीभोवती एक फेरी मारली. त्यांचा जन्म रेल्वेच्या यार्डात डबे जोडण्या-तोडण्यात गेला. तिथे इंजिनाला वाट दाखवणारा माणूस जमिनीवर असतो आणि ड्रायव्हर त्याच्यावर नजर ठेवून इंजिन हलवतो. तो दिसेनासा झाला की इंजिन थांबतं. तो कुठे गेला असेल याचा अंदाज बांधत पुढे जायचं नसतं.

"मी समोर चालतो," भाऊजी मित्राला म्हणाले. "मी दिसलो नाही का गाडी थांबवजो."

भाच्याने ते हिंदीत समजावलं. मित्र "जी अंकल" म्हणाला आणि माझ्याकडे पाहून त्याने डोळा मारला. मीही मारला.

मुलीचं घर दुर्गला, पद्मनाभपुरात. तिथल्या वळणावरून वरात सुरू झाली. सर्वांत पुढे टेम्पोवर चढलेले धुमाळवाले, म्हणजे आमच्याकडचे वाजंत्री, ढोलताशांचा नुसता कल्लोळ. त्यांच्यामागे नाचणारे आम्ही. आमच्यामागे गाडी, आत मित्राशेजारी नवरदेव. आणि बॉनेटकडे तोंड करून, उलट्या पावलांनी चालणारे भाऊजी.

"भाऊजी, नाचा ना जरा. पोराचं लग्न आहे."

"तू नाच. मी ड्युटीवर आहो."

गाडी ऑटोमॅटिक होती. वरात थांबली की मित्र गिअरची दांडी न्यूट्रलला आणायचा आणि ढोलाच्या ठेक्यावर ॲक्सिलरेटर दाबायचा. गाडी डरकाळी फोडायची, पोरं आणखी जोरात नाचायची. मग दांडी ड्राइव्हला, गाडी जरा सरकायची, पुन्हा न्यूट्रल, पुन्हा डरकाळी. आता मी काही स्वस्थ बसणारा माणूस नाही. मी सर्कशीतल्या रिंगमास्तरसारखा रुमाल फडकवत बॉनेटपुढे गेलो. गाडी गुरगुरली की छाती धरून मागे उडी मारायची, लोक हसले की पुन्हा पुढे. हा प्रयोग बऱ्याच मोबाईलमध्ये आहे आणि नातेवाइकांत त्याला चांगली दाद मिळाली.

खऱ्या वाघापुढे मी असा गेलो असतो का? मुळीच नाही. पण वाघाला त्याचं स्वतःचं डोकं असतं. घोडासुद्धा बुजण्याआधी कान हलवतो. त्या लाल धुडाकडे एका माणसाचा पाय सोडला तर काहीच नव्हतं. पाय चुकू नये, दांडी कुठे आहे हे विसरू नये, एवढ्यावर आम्ही सगळे हसत होतो.

शेवटच्या गल्लीत रस्ता अरुंद झाला. गर्दी अंगावर आली. नाचणाऱ्यांच्या एका लाटेने भाऊजींना उचलून भिंतीशी नेऊन टेकवलं. तेवढ्यात माझी बहीण नाचत बॉनेटसमोर आली. ती आधीच बुटकी. त्यात तिच्या पायातलं पैंजण निसटलं आणि ते उचलायला ती खाली वाकली.

मी बाजूला होतो, मला ती दिसत होती. गाडीत बसलेल्यांना समोर फक्त लाल पत्रा आणि त्यापलीकडचे नाचणारे हात दिसत असणार. मी ओरडलो. ढोलताशांत माझं मलाच ऐकू आलं नाही.

मी डरकाळीची वाट पाहत होतो. ती आली नाही. उलट इंजिनच बंद झालं.

आत काय झालं ते भाच्याने मला नंतर सांगितलं. मित्राचा पाय ब्रेकवरून ॲक्सिलरेटरकडे निघतच होता. भाच्याने त्याचा गुडघा धरला.

"पापा दिख रहे हैं?"

"नहीं."

"तो बंद कर."

"अरे भाई, न्यूट्रल में है."

भाच्याने दांडीकडे बोट दाखवलं. ती ड्राइव्हला होती.

भाचा उतरला आणि चालायला लागला. तोवर बहीण पैंजण मुठीत घेऊन उभी राहिली होती.

"कावून उतरला बे? लोकं पाहून राहिले!"

"पाय आखडले, आई," तो म्हणाला आणि त्याने तिचा हात धरला. मांडवाच्या दारापर्यंत सोडला नाही.

दारात मुलीकडच्या बायका ओवाळणीचं ताट घेऊन गाडीची वाट बघत होत्या. घामाघूम झालेल्या गर्दीत नवरदेव कोणता हे त्यांना कळेना. सर्वांत मोठा फेटा माझा होता, म्हणून एका मावशींनी मलाच कुंकू लावलं. मी अडवलं नाही.

पंगतीत मित्र माझ्या शेजारी बसला. ताटातलं तसंच होतं.

"मामाजी, आंटी कितनी दूर थीं?"

मी जन्मभर प्रत्येक गोष्ट थोडी फुगवून सांगत आलो आहे. त्या वेळी मी दोन्ही तळहात समोरासमोर धरले, अंतर होतं तेवढंच. त्याने तळहातांमधल्या जागेकडे पाहिलं. मग पाणी प्यायला.

परतताना नवरा-नवरी वऱ्हाडाच्या मोठ्या गाडीत बसले आणि बहिणीने लाल गाडीचा हट्ट धरला. तिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. अजूनही नाही. आम्ही दोघं मागच्या चिमुकल्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन बसलो. मित्र लगेच आत आला नाही. तो गाडीभोवती फिरला, बॉनेटपुढे खाली वाकून त्याने पाहिलं, तिथल्या दोन पोरांना फुटपाथवर पाठवलं आणि मग दार लावलं.

हमरस्त्यावर आम्हाला ऑटो मागे टाकू लागले. मग एक स्कूटर, मागे भाजीची पिशवी घेतलेल्या आजी.

"बेटा, जरा जोर से चला ना," बहीण म्हणाली. "लोकं हासून राहिले."

मित्राने आरशात तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं असं वाटेपर्यंत त्याची नजर पुन्हा रस्त्यावर गेली होती.

"आराम से बैठिए, आंटी," तो म्हणाला, आणि त्याने मागच्या बसलाही पुढे जाऊ दिलं.